रफिक, ते पान मी वाचलं होतं

रफिक, तू गेलास त्याच्या चौथ्या दिवशी कोल्हापूरहून आपल्या रेडिओवाल्या अण्णांचा फोन आला. म्हणाले, "सर, येत्या रविवारी सकाळी रेडिओवर, आपल्या नेहमीच्या बँडवर सगळे जमणार आहेत. रफिकभाईंबद्दल तुम्हीच बोला. तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतंय?" मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि वही उघडली. तुला माहीत आहे, रेडिओवर दोन वाक्यं बोलायची असली तरी मी ती आधी लिहून घेतो. पहिलं वाक्य लिहिलं: रफिक माझा मित्र होता. दुसरं वाक्य गेली दोन वर्षं माझ्याकडे तयार होतं आणि ते मी तुलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. ते आता सगळ्यांसमोर बोलायचं की तुझ्याबरोबर मातीत जाऊ द्यायचं, हे काही ठरेना. वही तशीच उघडी राहिली.

आपली ओळख एका मोटारीमुळे झाली. आमच्या कॉलेजच्या टाकीची मोटार घेऊन मी बुलडाण्याहून देऊळघाटला तुझ्या दुकानात आलो होतो. शिपाई रजेवर होता म्हणून मला यावं लागलं. तू म्हणालास, बेरिंग गेलं, बसा, घंटाभर लागन. मी पिशवीतून पुस्तक काढलं. थोड्या वेळानं तू विचारलंस, "काय वाचून राह्यले सर?" मी सांगितलं, हौशी रेडिओ नावाचा एक छंद असतो. परीक्षा द्यायची, सरकारचं लायसन घ्यायचं आणि घरच्या सेटवरून दुसऱ्या गावच्या लायसनवाल्याशी बोलायचं.

"मोबाईल नाही लागत?"

"नाही."

"टावर?"

"नाही. एक तार आणि ती बांधायला दोन झाडं."

तू पाना खाली ठेवलास. "अन हे इतके दिवस मले कोनी सांगतलं काऊन नाही?"

वर्षभर मी तुला शिकवलं. पुस्तक इंग्रजीत होतं. मी एकेक पान वाचून मराठीत सांगायचो आणि तू मोटारीच्या तारा गुंडाळत ऐकायचास. कागदावर एक अक्षर लिहून घेतलं नाहीस. मी ही परीक्षा दुसऱ्या प्रयत्नात पास झालो होतो. तू पहिल्याच प्रयत्नात झालास. निकाल कळल्यावर तू पेढे घेऊन माझ्या घरी आलास आणि मी तुझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेत कौतुक किती होतं आणि दुसरं काही किती होतं, ते तेव्हाही मला माहीत होतं. परीक्षेआधी तू मला 'सर, तुमी' म्हणायचास. लायसन आलं आणि 'बे मास्तर' झालं. तेही मला आवडलं आणि आवडलं नाही.

सॉफ्टवेअर-डिफाइंड रेडिओचं वेड मीच तुझ्या डोक्यात घातलं. जुन्या सेटमध्ये जे काम कॉइल आणि फिल्टर करतात ते यात संगणकाचं गणित करतं. आपल्या हाती राहतो एक तळहाताएवढा बोर्ड, एक अँप्लिफायर आणि बाहेरची तार. त्यातूनच पुढे डिजिटल आवाजाचे प्रयोग सुरू झाले. माणूस बोलतो, त्याच्या आवाजाचे आकडे होतात, आकडे आवळून बारीक केले जातात आणि हवेत नुसती एक घरघर जाते. पलीकडचा संगणक त्या घरघरीतून पुन्हा आवाज उभा करतो. जमलं तर माणूस शेजारी बसून बोलल्यासारखा ऐकू येतो. नाही जमलं तर काहीच नाही. अर्धवट असं त्यात नसतं.

मला तो प्रकार स्वच्छ वाटायचा. तुला वाटायचा नाही. आपलं हे भांडण कधी मिटलंच नाही.

"याच्यात मानूस कुठी हाय बे मास्तर? सारे एकाच मायचे पोट्टे बोलून राह्यले असं वाटते."

"शब्द कळतात ना? खरखर नाही, काही नाही."

"खरखरीनंच त समजते ना कोन किती दूर हाय."

"ते अंतर नकाशावर बघता येतं."

"नकाशा तू पाह्य. मी ऐकतो."

आणि खरंच, तू ऐकायचास. चालू मोटारीला पेचकस टेकवून त्याची मूठ कानाशी धरायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, हे काम तू वीस वर्षं केलेलं. ती सवय तू घरघरीवर वापरलीस. मी पडद्यावरचे आकडे बघत बसायचो, सिग्नल किती, गोंगाट किती, आणि तू डोळे मिटून म्हणायचास, "आता बारीक झाली. आता लागते पाह्य." मग आवाज लागायचा. माझे आकडे तिथवर पोचायच्या आधी. एका रविवारी तुझं हे कौशल्य अण्णांनी तिकडून ओळखलं. दहाबारा जण ऐकत असताना म्हणाले, "सरांचं वाचन दांडगं, पण कान रफिकभाईंचा." सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी मी घरी आलो आणि जेवलो नाही. बायकोला सांगितलं, पोट बिघडलंय.

ही गोष्ट बारीक आहे, मला ठाऊक आहे. पन्नाशीच्या माणसानं, वर्गात साठ मुलांना ध्वनी आणि लहरी शिकवणाऱ्यानं, एका वाक्यानं जेवण सोडावं असं त्यात काही नाही. पण रफिक, त्या बँडवर मी तुझ्याआधी चार वर्षं होतो. चार वर्षांत माझ्याशी कुणी सिग्नलचे आकडे सोडून दुसरं बोललं नव्हतं. तू आलास आणि महिन्याभरात नांदेडचा एक जण तुला बहिणीच्या लग्नाचं सांगू लागला. अण्णा तुला शेतातलं विचारायचे. मी बोललो की सगळे 'धन्यवाद सर' म्हणायचे.

तुझी तार तुझ्या चार एकरांतल्या कपाशीवरून गेली होती. एका टोकाला लिंब, मध्ये उंच बांबू, दुसऱ्या टोकाला विहिरीवरचा खांब. त्याच बांबूला तू बोंडअळीचे पतंग पकडायचा कामगंध सापळा टांगला होतास. बीटी बियाण्याला अळी लागत नाही म्हणून सगळ्यांनी ते लावलं होतं आणि त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास बोंड फोडलं की आत गुलाबी अळी निघायला लागली. सकाळी माणसं एकमेकांच्या वावरात जाऊन बोंडं फोडून बघायची आणि परत यायची. तुझ्या शेजारच्या वावरातले पुंजाजी काका दुकानात आले तेव्हा मी तिथेच होतो.

"रफिक, लोक म्हंतात तुया तारेनं अळी आली."

"काका, अळीले लायसन लागत नाही. मले लागलं."

"तसं नाही बे. तारेतून काही जात असन ना?"

"जाते ना. हे मास्तर बोलतात ते जाते. ते ऐकून अळी मरायले पाहिजे."

काका इतके हसले की त्यांना खोकला आला. त्या दिवसांत देऊळघाटात हसू ऐकू येणं दुर्मीळ होतं. मी पुस्तकात डोकं घातलं.

त्याच आठवड्यात तू पहिल्यांदा स्वतः बांधलेल्या सेटवरून डिजिटल आवाज पाठवलास आणि तो कुणालाच लागला नाही. साध्या आवाजात बोललास की कोल्हापूरला खणखणीत. डिजिटल केलं की नुसती घरघर, शब्द एक नाही. अण्णांनी रेकॉर्ड करून पाठवलेली घरघर तू ऐकलीस आणि म्हणालास, "फाटून राह्यली." तुझा कान बरोबर होता. कारण मात्र तुला सापडेना. मला विचारलंस, "मास्तर, पुस्तकात काही लिहेल हाय का याचं?"

लिहिलेलं होतं. मी आदल्या रात्रीच वाचलं होतं, अर्ध्या पानाचा मजकूर. सेटवर एक काटा असतो. आवाज मर्यादेबाहेर जायला लागला की तो हलतो. साध्या बोलण्यात तो थोडा हललेला चालतो. डिजिटलमध्ये तो जागचा हलता कामा नये, नाहीतर पलीकडे काही उमगत नाही. उपाय एकच: आवाजाची पातळी खाली आणा. आणि तू तर लग्नाकार्यात भोंगे लावणारा माणूस. काटा नाचला नाही तर आवाज पोचला कसा, असं तुझं गणित. तू पातळी वर ठेवली होतीस, काटा नाचत होता आणि मी त्याच्यासमोर बसलो होतो.

मी म्हणालो, "विशेष काही नाही."

त्या दुसऱ्या वाक्यात मला हेच कबूल करायचं होतं, रफिक. तीन शब्द. त्याच्या आधी मी थांबलोसुद्धा नाही.

मग तू दोष तुझ्याच हातात शोधलास. अँप्लिफायरच्या शेवटी एक ट्रान्सफॉर्मर असतो. काळ्या लोहचुंबकी कड्यावर, बांगडीच्या निम्म्याएवढ्या, तांब्याच्या तीन तारांचा पीळ गुंडाळायचा. तो नीट नसला तरी घरघर फाटते, आणि तो तू स्वतः गुंडाळला होतास. आयुष्यभर गुंडाळण्याचंच काम केलेल्या माणसाला वाटलं, आपलंच गुंडाळणं चुकलं. तू तो सोडवलास, पुन्हा गुंडाळलास. नाही लागलं. पुन्हा सोडवलास. सात वेळा, पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत. मी दर रविवारी येत होतो, बघत होतो, तू विचारायचास तेव्हा "तिसरा फेर जरा सैल वाटतो" असं काहीतरी म्हणत होतो. फेर सैल नव्हता. मी इतकं सुबक काम त्याआधी पाहिलेलं नव्हतं आणि तेही मी बोललो नाही.

त्या दिवसांत तुझ्या सापळ्यातले पतंग कुणी मोजले नाहीत. फवारणी कधी करायची ते त्या मोजणीवर ठरतं. गावातल्या सगळ्यांचीच कपाशी गेली, मोजणाऱ्यांचीही गेली, म्हणून तुझी माझ्यामुळे गेली असं म्हणता येत नाही. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. कारण खरं असूनही त्याचा उपयोग होत नाही.

शेवटी मी तुला सांगितलं, त्याचंही खरं लिहितो. तुझी दया आली म्हणून सांगितलं असं लिहायला मला आवडलं असतं. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी अण्णा म्हणाले, मी स्वतः बुलडाण्याला येतो आणि सेट बघतो. ते आले असते तर पाच मिनिटांत त्यांना काटा दिसला असता. मला त्यांच्याआधी पोचायचं होतं. दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी तुझ्याकडे आलो, पुस्तक उघडलं आणि जणू आत्ताच सापडल्यासारखं म्हणालो, "हे बघ, काट्याचं काहीतरी दिसतंय."

तू पातळी खाली आणलीस. काटा पडून राहिला. तू अण्णांना हाक मारलीस आणि पलीकडून अण्णा म्हणाले, "आला! रफिकभाई, आला!" तू मला मिठी मारलीस. घामाचा आणि वॉर्निशचा वास होता. तुझ्या अंगठ्याला तारेनं चिरा पडलेल्या होत्या. मी त्या त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या.

त्यानंतर दोन वर्षं तू भेटेल त्याला सांगत राहिलास, "मास्तरनं काढलं ते पुस्तकातून. नाहीतर मी गुंडाळतच मेलो असतो." नव्यानं कुणी बँडवर आला की ही गोष्ट व्हायची. तुझ्या तोंडून ऐकताना मी खाली बघायचो आणि लोकांना तो विनय वाटायचा. अण्णासुद्धा एकदा म्हणाले, "पुस्तकही पाहिजेच बघा." मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं, तुझ्या हातून. तुला हेवा वाटत नसे. कुणाचाच नाही. याचा मला सगळ्यांत जास्त हेवा वाटायचा.

रविवारी सकाळी मी सेट लावला. तेवीस जण होते. अण्णांनी सगळ्यांची हजेरी घेतली, मग तुझं कॉलसाइन, लायसनवरचं हाकेचं नाव, तीन वेळा पुकारलं आणि दर वेळी थांबले. तिसऱ्यांदा ते पुरं पुकारता आलं नाही त्यांना. मग म्हणाले, "सर, तुमच्याकडे देतो." आम्ही डिजिटलवरच होतो, तुझ्या सन्मानार्थ असं अण्णांनी ठरवलं होतं. तुला ते फारसं पटलं नसतं. मी वही समोर घेतली आणि वाचलं. सगळं वाचलं. पान, काटा, तीन शब्द, सात वेळा. चार मिनिटं लागली. बटण सोडलं.

मग अण्णा. "सर, 'रफिक माझा मित्र होता' इथपर्यंत आलं. नंतर बँड बसला, सिग्नलच पडला, काहीच उमटलं नाही कुणाकडं. परत घेता का? नाहीतर राहू द्या, भावना पोचल्या."

भावना पोचल्या. मला खरंच हायसं वाटलं. मी बोललो होतो. ते ऐकू गेलं नाही यात माझा दोष नव्हता. वही मिटली तरी चाललं असतं. मी मिटलीही. मग मनात आलं की हे मी तुला पुन्हा 'विशेष काही नाही' म्हणतोय.

मी म्हणालो, "अण्णा, मी साध्या आवाजावर येतो." सगळ्यांना सेट बदलायला एक मिनिट दिलं. वही न उघडता बोललो. खरखर होती. माझा आवाज कापत होता आणि तो तसाच गेला असणार, कारण त्यात तो झाकणारं काही नव्हतं. मी म्हणालो, ते पान मी वाचलं होतं. रफिकनं विचारलं आणि मी नाही म्हणालो, त्याला तो पीळ सात वेळा सोडवू दिला, कारण तुम्ही सगळे त्याचे झाला होतात.

अण्णांनी नांदेडच्या माणसाला पुकारलं तर तो बँडवरून निघून गेलेला होता. निरोपाचं सुद्धा न म्हणता. एक जण म्हणाला, सर, हे आज बोलायचं कारण नव्हतं. मग अण्णांनी विचारलं, "सात वेळा म्हणजे, शेवटचा पीळ किती घट्ट ठेवला त्यांनी? आम्हाला तसा अजून जमलेला नाही."

बाकीचे सगळे उत्तराची वाट बघत होते आणि मला ते माहीत नव्हतं. मी समोर बसून पुस्तक वाचत होतो.

म्हणून परवा मी तुझ्या घरी आलो. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर पाळायच्या चार महिन्यांच्या एकांतात. बैठकीत अम्मी खाटेवर बसल्या होत्या आणि भाभी पडद्याच्या पलीकडून बोलल्या. मी विचारलं, रफिक तीन तारांना पीळ कसा द्यायचा, तुम्ही कधी पाहिलं का.

"पाह्यलं? तार मीच धरत होती भाऊ. ते तिकडून हातड्रिल फिरवायचे, मी इकडून ताणून धरायची. एका बोटाच्या पेरात चार पीळ. पाचवा झाला की म्हनायचे, सोड, परत करू." मग म्हणाल्या, "कोनाले पाहिजे?"

कोल्हापूरच्या अण्णांना, असं सांगून मला उठता आलं असतं. मी बसून राहिलो आणि सगळं सांगितलं. अम्मींना मराठी सगळं कळत नाही. त्या माझ्याकडे बघून मान हलवत राहिल्या, दुखवट्याचं काही बोलतोय असं समजून. माझं संपल्यावर भाभींनी विचारलं, "तुमी सांगतलं असतं त किती वेळ लागला असता?"

"पाच मिनिटं."

"अन आमी महिनाभर बसलो."

"हो."

"रोज संध्याकाळी. ते ड्रिल फिरवत गोष्टी सांगायचे. वावरात काही उरलं नाही ते मले तवाच सांगतलं त्याहिनं, तार धरून असताना. एरवी नसते बोलले." "मी खुश हाय का नाराज, मलेच समजून नाही राह्यलं भाऊ."

मी म्हणालो, मी निघतो.

"बसा. राग हायच. चहा घ्या."

मी बसलो. अम्मींनी कप पुढे केला. आणि रफिक, तुला सांगायला लाज वाटते, पण आता तुझ्यापासून लपवायचं काही शिल्लक नाही म्हणून सांगतो: त्या खोलीत, तुझ्या खाटेसमोर, चहा पिताना मला पश्चात्ताप व्हायला हवा होता, आणि मला हेवा वाटत होता. मी तुझ्याकडून एक महिना हिसकावून घ्यायला गेलो होतो आणि तो महिनाही तुझाच झाला.